कुरखेड्याचा आमदार : मतांचं गणित आणि जंगलाचा कारभार

23 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे निकाल लागले तेव्हा काँग्रेसच्या पदरात राज्यभरातून फक्त 16 जागा पडल्या. त्या सोळांत एक जागा आरमोरीची होती. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या 25 मतदारसंघांपैकी काँग्रेसला मिळाले ते दोनच, नंदुरबारकडचा नवापूर आणि इकडे पूर्वेच्या टोकाचा आरमोरी. रामदास मसराम यांनी दहा वर्षं आमदार असलेल्या भाजपच्या कृष्णा गजबे यांना सुमारे सहा हजार मतांनी हरवलं. कुरखेडा आणि कोरची हे तालुके याच मतदारसंघात येतात. वडसा-देसाईगंज आणि आरमोरी हे वैनगंगेच्या बाजूचे तालुकेही यातच.

मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर त्या दिवशी आरमोरीचं नाव एखाद्या ओळीपुरतं आलं असेल. पण राज्यभर वाहणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध जाणारा निकाल कसा लागतो, इथला आमदार कुठून येतो, निवडून आल्यावर त्याच्या हातात नेमकं काय असतं, आणि लोक त्याला कोणत्या मापानं मोजतात, हे प्रश्न कुरखेड्यापुरते नाहीत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सगळ्या जंगलपट्टीत ते दर पाच वर्षांनी उभे राहतात.

आधी गेल्या तीन निवडणुकांचे आकडे पाहू. 2014 मध्ये गजबे 60 हजारांवर मतं घेऊन निवडून आले. त्यांनी आधी दोन वेळा आमदार राहिलेले काँग्रेसचे आनंदराव गेडाम यांचा पराभव केला. 2019 मध्ये गजबेंची मतं 75 हजारांवर गेली आणि गेडामांशी असलेलं अंतर एकवीस हजारांच्या पुढे गेलं. 2024 मध्ये गजबेंना 92 हजारांहून जास्त मतं पडली. प्रत्येक वेळी या माणसाची मतं पंधरा-सतरा हजारांनी वाढत गेली, आणि सर्वांत जास्त मतं मिळाली त्याच वेळी तो हरला. म्हणजे भाजपचा मतदार पळाला, असं म्हणण्यात अर्थ नाही. उलट तो वाढला. वाढला त्याहून वेगानं विरोधातला मतदार एका जागी गोळा झाला. 2019 ला पहिल्या दोघांच्या बाहेर भरपूर मतं विखुरली होती. 2024 ला लढत जवळपास सरळ दोघांत झाली. गेडाम यांनी बंडखोरी केली, पक्षानं त्यांना निलंबित केलं, तरीही काँग्रेसची मतं फुटली नाहीत. दोन वेळचा आमदार अपक्ष उभा राहतो आणि पक्षाचा नवा उमेदवार 98 हजारांच्या पुढे जातो, ही गोष्ट मला या निकालातली सर्वांत बोलकी वाटते. इथे माणसापेक्षा चिन्ह मोठं झालं आहे.

त्याची नांदी सहा महिने आधीच झाली होती. एप्रिल 2024 च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान यांनी दोन वेळचे खासदार अशोक नेते यांना एक लाख 41 हजारांवर मतांनी हरवलं. हेच अशोक नेते 2014 मध्ये दोन लाख 36 हजारांवर मतांनी आणि 2019 मध्ये 77 हजारांवर मतांनी जिंकले होते. दहा वर्षांत एवढा मोठा काटा फिरला. लोकसभेनंतर राज्यात लाडकी बहीण योजना आली, महिन्याला दीड हजार रुपये बायांच्या खात्यात पडू लागले, आणि गडचिरोली मतदारसंघात भाजपचे डॉ. मिलिंद नरोटे, अहेरीत अजित पवार गटाचे धर्मरावबाबा आत्राम जिंकले. शेजारच्या दोन्ही जागा महायुतीकडे गेल्या. आरमोरी तेवढी गेली नाही.

या तिन्ही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, तरी तिन्हींतली आमदारकीची वाट वेगवेगळी आहे.

अहेरीची वाट राजवाड्यातून जाते. राजे विश्वेश्वरराव यांनी नागविदर्भ आंदोलनाच्या नावानं लोक बांधले आणि 1977 मध्ये ते लोकसभेतही पोहोचले. पुढे सत्यवानराव, अंबरीशराव आणि धर्मरावबाबा या आत्राम घराण्यातल्या मंडळींनीच बहुतेक वेळा ही जागा राखली. 2009 मध्ये दीपक आत्राम अपक्ष निवडून आले तो अपवाद. 2024 मध्ये काका, पुतण्या आणि मुलगी असे तिघं एकमेकांसमोर उभे होते. आणि हेही विसरता येत नाही की 1991 मध्ये आमदार असताना धर्मरावबाबांना नक्षलवाद्यांनी पळवून नेलं होतं. आमदारकी म्हणजे तिथं जिवाशी गाठ होती.

गडचिरोलीच्या जागेवर 2009 पासून सलग डॉक्टर निवडून येत आहेत. डॉ. नामदेव उसेंडी, मग दोन वेळा डॉ. देवराव होळी, आता डॉ. नरोटे. पक्ष बदलला, डॉक्टर कायम राहिला. आश्रमशाळेतून, सरकारी वसतिगृहातून शिकून वर आलेल्या आदिवासी पिढीला गावोगाव ओळख मिळवून देणारा पेशा कोणता, तर डॉक्टरकीचा. दवाखान्यात आलेला माणूस नाव विसरत नाही. ज्या जिल्ह्यात रुग्णाला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो, तिथं डॉक्टरला मत देणं लोकांना साहजिक वाटतं.

आरमोरी-कुरखेड्याकडे राजवाडाही नाही आणि डॉक्टरांची परंपराही नाही. इथं एके काळी जमीनदाऱ्या होत्या: कोरची, पळसगड, गेवर्धा, मुरूमगाव, खुटगाव, रांगी. जुन्या चांदा जिल्ह्यातल्या या जमीनदाऱ्या मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्यानं संपल्या. त्यांच्या वंशजांचा गावांत मानपान राहिला, पण विधानसभेवर घराण्याची पकड बसली नाही. हरीराम वरखडे, रामकृष्ण मडावी, आनंदराव गेडाम, कृष्णा गजबे, रामदास मसराम अशी नावं एकामागून एक येतात. शिवसेनेनंही ही जागा जिंकली आहे, काँग्रेसनं जिंकली आहे, भाजपनं दोनदा जिंकली आहे. कुरखेड्याच्या मतदारानं कोणाचंही घर कायमचं बांधून दिलं नाही. मला ही या मतदारसंघाची खरी ताकद वाटते. मात्र या नावांत एकही बाई नाही, हेही तितकंच खरं. ज्या कोरची तालुक्यात ग्रामसभांच्या महासंघात पुरुषांच्या बरोबरीनं बाया बसतात, निर्णय घेतात, सह्या करतात, त्या भागातून मोठ्या पक्षांना विधानसभेसाठी उमेदवार शोधताना बाई सापडत नसेल तर शोधणाऱ्यांनी आपली नजर तपासावी.

आता मूळ दुखण्याकडे येतो. जागा राखीव असल्यामुळे उमेदवार आदिवासीच असतो. पण मतदार सगळे असतात. गोंड, कंवर, हलबा यांच्यासोबत कुणबी, तेली, माळी, ढिवर, बौद्ध, आणि वडशाच्या बाजारपेठेतली व्यापारी मंडळी. दोन-तीन आदिवासी उमेदवारांत आदिवासी मतं वाटली गेली की निकाल बिगरआदिवासी मतांवर ठरतो. त्यामुळे इथल्या आमदाराला निवडून येण्यासाठी सर्वांचा आमदार व्हावं लागतं, आणि ज्या कारणासाठी जागा राखीव ठेवली ते कारण बोलून दाखवायला तो कचरतो. हे कोण्या एका आमदाराचं दुर्गुणवर्णन नव्हे. ही त्या खुर्चीची अडचण आहे.

तिचं उघड रूप 2014 मध्ये दिसलं. जिल्ह्यातल्या वर्ग तीन-चारच्या नोकऱ्यांत ओबीसींचं आरक्षण 19 वरून 6 टक्क्यांवर आलेलं होतं, त्याची जुनी जखम होतीच. त्यात 9 जून 2014 ला राज्यपालांची अधिसूचना निघाली आणि अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदं स्थानिक आदिवासींसाठी राखीव झाली. ओबीसी समाजात संताप उसळला. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत गडचिरोली मतदारसंघात 17 हजारांहून जास्त लोकांनी 'नोटा'चं बटण दाबलं. लोकसभेलाही गडचिरोली-चिमूरमध्ये 24 हजारांवर 'नोटा' पडले होते. उमेदवारांपैकी कोणीच आपला नाही, असं हजारो लोकांनी रांगेत उभं राहून सांगितलं.

अधिसूचना काढली राज्यपालांनी, आरक्षणाची टक्केवारी ठरवली मंत्रालयानं, आणि जाब विचारला गेला आमदाराला. आदिवासी म्हणतात, आमच्या हक्कासाठी बोल. ओबीसी म्हणतात, आमची पोरं बेकार बसली, त्यांच्यासाठी बोल. दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांची शेती कोरडवाहू, दोघांची पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे त्याच रस्त्यावर धावतात. नोकऱ्याच इतक्या थोड्या आहेत की टक्केवारीचं भांडण हे उपाशी माणसांचं भांडण होतं. आमदारानं जागा वाढवण्यासाठी सभागृहात भांडावं, ही दोघांचीही एकत्र मागणी व्हायला हवी होती. ती झाली नाही, कारण दोन्ही बाजूंच्या पुढाऱ्यांना वेगवेगळं बोलणं सोयीचं होतं.

त्यातही आरमोरीच्या आमदाराची गोष्ट आणखी बिकट. 1985 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं कुरखेडा तालुका, त्या वेळी कोरचीसकट, पूर्ण अनुसूचित क्षेत्रात आला. वैनगंगेकाठचा बराच भाग मात्र बाहेर राहिला. म्हणजे एकाच मतदारसंघात दोन तऱ्हेचा कायदा. पुराड्याला, मालेवाड्याला पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, लागू, ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी. वडशाला नगरपरिषद, रेल्वे स्टेशन, तांदळाच्या गिरण्या आणि नेहमीचा कारभार. आमदार सहसा जिथं मतांची दाटी आणि गाड्यांची सोय, तिकडे जास्त दिसतो. जंगलातल्या कोटगूलच्या माणसाला आमदार भेटायचा तर अर्धा दिवस प्रवासात जातो.

मतदानाचा दिवसच बघा. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्यात जवळपास सगळीकडे संध्याकाळी सहापर्यंत मतदान चाललं. गडचिरोली जिल्ह्यातल्या तिन्ही मतदारसंघांत दुपारी तीनला संपलं. मतदान पथकं दोन-तीन दिवस आधीच निघतात. काही हेलिकॉप्टरनं जातात, काही बेस कॅम्पवर मुक्काम करून पहाटे पोलिसांच्या सोबतीनं पायी बूथ गाठतात. पथकात असतो जिल्हा परिषदेचा शिक्षक, कृषी सहायक, तलाठी. पेटी आणि यंत्र पाठीवर बांधलेलं असतं. नोव्हेंबर म्हणजे हलक्या धानाची कापणी. बाया पहाटे स्वयंपाक उरकून आधी बूथवर जातात, मग बांधीत. दुपारी एकपर्यंत रांग संपलेली असते. एवढ्या घाईत, एवढ्या धाकात, आरमोरीत चारपैकी तीन मतदारांनी मतदान केलं. मुंबईच्या दक्षिण टोकाला, जिथं बूथ लिफ्टपासून दोनशे पावलांवर असतो, तिथं निम्म्याच्या आसपास मतदान होतं. लोकशाहीवरची निष्ठा कुठं जास्त आहे, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

तो धाक उगाच नव्हता. 1 मे 2019 रोजी, लोकसभेच्या मतदानाला तीन आठवडे होत नाहीत तोच, कुरखेडा तालुक्यात दादापूरला नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली आणि तिकडे निघालेल्या शीघ्र कृती दलाची गाडी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगानं उडवली. 15 जवान आणि चालक असे 16 जण गेले. त्यातले बरेचसे याच जिल्ह्यातले, याच भागातल्या घरांतले होते. नोव्हेंबर 2021 मध्ये मर्दिनटोल्याच्या जंगलात 26 नक्षलवादी मारले गेले. ऑक्टोबर 2025 मध्ये भूपती या नावानं ओळखला जाणारा नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. चार दशकं आमदार आणि गाव यांच्यामध्ये बंदूक उभी होती. गावात रात्री सभा घेता येत नव्हती, दौरा ठरला की तो गुप्त ठेवावा लागे. ही सबब आता उरली नाही. यापुढे आमदार कोटगूलला गेला नाही तर त्याचं कारण दुसरं असेल.

निवडून आल्यावर त्याच्या हातात काय असतं? लोकांना वाटतं रस्ता, पूल, सभामंडप. आमदाराच्या स्थानिक विकास निधीला 2022 पासून वर्षाला पाच कोटी रुपये मिळतात. चार तालुक्यांच्या मतदारसंघात, शेकडो गावं-टोल्यांत वाटून पाहा. टोल्यागणिक एखादी नाली, एखादा हातपंप. यावर आमदाराची किंमत ठरवणं म्हणजे पाटलाची किंमत त्याच्या पागोट्यावरून करण्यासारखं आहे. मोठी कामं होतात ती अर्थसंकल्पातून, जिल्हा नियोजन समितीतून, आदिवासी उपयोजनेतून. तिथं आवाज लागतो, कागद लागतो, पाठपुरावा लागतो.

त्यातही जंगल आडवं येतं, असं दर सभेत ऐकू येतं. वनकायद्यामुळे रस्ता अडला, वनकायद्यामुळे तलाव अडला. हे अर्धंच खरं आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी, विजेच्या तारा अशा तेरा सोयींसाठी एक हेक्टरपर्यंतची वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते, फक्त हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. म्हणजे किल्ली ग्रामसभेच्या हातात आहे. आमदारानं करायचं काय, तर ग्रामसभेचा ठराव, वनाधिकाऱ्याची जागेची पाहणी आणि संबंधित खात्याचा प्रस्ताव हे तीन कागद एका टेबलावर आणायचे. एवढं केलं तर जंगल अडवत नाही.

आता धान. कुरखेड्यात आमदाराला गाठणाऱ्या दहा माणसांतल्या सहांचा प्रश्न धानाचा असतो. पीक एकच, पाणी वरचं, आणि विकायचं ठिकाण म्हणजे आदिवासी विकास महामंडळाच्या वतीनं आदिवासी विविध कार्यकारी संस्थेनं चालवलेलं खरेदी केंद्र. केंद्र उशिरा उघडतं. उघडलं तर बारदाना नसतो. बारदाना आला तर गोदामात जागा नसते. ऑनलाइन नोंदणीसाठी सातबारा, आधार, बँकेचं पासबुक घेऊन थंडीत पहाटेपासून रांग. पोती आवारात थप्पी लावून पडतात, वर ताडपत्री, खाली ओल. माप होऊन चुकारा खात्यात पडेपर्यंत होळी उजाडते. तोवर ज्याला पैशाची नड असते तो हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला धान घालतो. मंडईत भेटलेल्या आमदाराला म्हातारा विचारतो, "भाऊ, बोनस कवा भेटते जी?" त्या एका वाक्यात इथलं सगळं राजकारण आहे. बोनस आधी क्विंटलमागे मिळायचा. मग हेक्टरी झाला, 2022-23 ला 15 हजार, पुढच्या वर्षी 20 हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पूर्व विदर्भातले आमदार पक्ष विसरून ज्या एका मुद्द्यावर एकत्र येतात तो हाच. आणि हे सांगायला हवं की तिथं आवाज उठवल्यावर बोनस मिळाला आहे. आमदाराच्या तोंडाला किंमत आहे, याचा हा रोकडा पुरावा.

पण बोनस म्हणजे तात्पुरता दिलासा. गोदामं किती बांधली, केंद्रं पंधरा दिवस आधी उघडली का, वजनातली तूट कोणाच्या माथी मारली, हे विचारणारा सभागृहातला तारांकित प्रश्न बोनसच्या मागणीपेक्षा जास्त कामाचा.

तसाच प्रश्न रानातल्या जनावरांचा. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडातून रानटी हत्तींचा कळप उतरला आणि कोरची, कुरखेडा, आरमोरी भागात फिरत राहिला. उभं धान तुडवलं, घरं पाडली. वडसा-आरमोरीच्या जंगलात वाघाचे हल्ले वाढले. माणसं मारणारा एक वाघ 2022 मध्ये पकडावा लागला. माणूस दगावला तर सरकार 25 लाख देतं. पण तुडवलेल्या बांधीचा पंचनामा कोण करणार, किती दिवसांत करणार, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. मोह वेचायला पहाटे जंगलात जाणारी बाई आमदाराकडे पूल मागत नाही, ती जिवाची हमी मागते.

इथला आमदार जनतेत सर्वांत जास्त कुठं दिसतो, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे नाटकाच्या मंचावर. दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई, शंकरपट आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे त्या रंगभूमीचं ठाणं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. प्रत्येक नाटकाच्या पत्रिकेवर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी अशी नावांची रांग असते. रात्री दहा-अकराला आमदार येतो, नारळ फुटतो, मंडळाला वर्गणी मिळते, दोन शब्द होतात आणि गाडी पुढच्या गावाला लागते. एका रात्रीत तीन-चार गावं. विधानसभा निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, हंगामही तेव्हाच तोंडावर असतो, त्यामुळे इच्छुकांची पहिली चाचणी याच मंचावर होते. मी या प्रथेला नावं ठेवणार नाही. हजारो माणसं एका मांडवात रात्रभर बसतात, तिथं लोकप्रतिनिधीनं यायलाच हवं. माझी तक्रार एवढीच की त्या मंचावर आमदार भाषण करतो, त्याला प्रश्न विचारायची सोय नसते.

आता या विषयाचा जो भाग सर्वांत कमी बोलला जातो तिथं येतो. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत जनजाती सल्लागार परिषदेची तरतूद आहे. जास्तीत जास्त वीस सदस्य, त्यांतले जवळपास तीन-चतुर्थांश विधानसभेतले अनुसूचित जमातीचे आमदार. अनुसूचित क्षेत्रातल्या आदिवासींचं कल्याण आणि प्रगती यांवर राज्यपालांनी विचारलेल्या बाबींत सल्ला देणं हे तिचं काम. सर्वसाधारण आमदाराला नसलेलं घटनेचं हे व्यासपीठ मुख्यतः राखीव जागेवरच्या आमदारांसाठी आहे. तिथं कुरखेडा-कोरचीचा विषय किती वेळा निघाला, कोणी मांडला, पुढं काय झालं, हे कुरखेड्याच्या चौकात कधी चर्चेला येत नाही. प्रचारात तर नाहीच नाही.

या भागातून एक माणूस असा निवडून गेला होता ज्यानं ही खुर्ची कशासाठी आहे ते दाखवून दिलं. पानाबरसचे जमीनदार लाल श्यामशाह 1962 मध्ये चांदा लोकसभा मतदारसंघातून अपक्ष निवडून आले. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना या जंगलपट्टीत वसवताना आदिवासींना विचारलं नाही, त्यांच्या प्रश्नांना दाद नाही, म्हणून 1964 मध्ये त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला. निर्वासितांचाही दोष नव्हता, ती माणसं घरदार गमावून आली होती. दोष न विचारता ठरवणाऱ्यांचा होता. त्याच काळात चांद्याचेच मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, नोव्हेंबर 1962 ते नोव्हेंबर 1963, पदावर असतानाच गेले. एक सत्तेच्या शिखरावर पोहोचला, एकानं मिळालेली जागा सोडली. दोघांचीही नावं आज कुरखेड्याच्या शाळांत मुलांना सांगायला हवीत.

साठ वर्षांनंतर 'न विचारता ठरवणं' थांबलं का? कोरची तालुक्यात झेंडेपारला लोखंडाची खाण प्रस्तावित आहे आणि ग्रामसभांनी तिला विरोध केला आहे. दक्षिणेकडे सुरजागडची खाण चालू झाली, कोनसरीला कारखाना उभा राहिला, रस्त्यांवर खनिजाचे ट्रक धावू लागले. रोजगार हवाच आहे, पोरं हैदराबादला आणि पुण्याला जाऊन राबतात. पण डोंगर खोदायचा की नाही हे त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावाला विचारायचं, असं कायदा म्हणतो. शेजारच्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही तिथली घोषणा. कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांच्या 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेनं 1984 पासून आरोग्य, बायांचं संघटन आणि पुढं वनहक्क यांवर काम केलं. त्यातून ग्रामसभा स्वतः तेंदूचा लिलाव करू लागल्या, मजुरी आणि रॉयल्टीचा हिशेब गावात वाचला जाऊ लागला.

म्हणजे कुरखेडा-कोरचीत आमदाराच्या खाली एक जिवंत सत्ता उभी राहिली आहे. काही आमदारांना ती अडचण वाटते. ठेकेदारांना तर वाटतेच. माझं मत उलटं आहे. ज्या आमदारामागे पन्नास-साठ ग्रामसभांचे ठराव आहेत, त्याला सभागृहात कोणी हलक्यात घेऊ शकत नाही. पक्षाचं तिकीट पाच वर्षांनी कापलं जातं, ग्रामसभेचा ठराव कापता येत नाही.

आणि या आमदारावर भार वाढवणारं आणखी एक कारण सांगायलाच हवं. 2022 मध्ये जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत संपली आणि पुढं अनेक वर्षं तिथं प्रशासक बसले. जिल्हा परिषद सदस्य म्हणजे आमदारकीची पाठशाळा. बजेट कसं वाचायचं, अधिकाऱ्याला कुठं धरायचं, गटातल्या तीस गावांची भांडणं कशी सोडवायची, हे तिथं शिकायला मिळतं. ती पायरीच काढून घेतली की सरपंच आणि आमदार यांच्यामध्ये निवडून आलेलं कोणी राहत नाही. शाळेत शिक्षक नाही, आमदाराला फोन. दवाखान्यात सापाच्या दंशाचं औषध नाही, आमदाराला फोन. घरकुलाचा हप्ता अडला, आमदाराला फोन. दिवसभर फोन घेणारा माणूस विधेयक वाचणार कधी? आणि उद्याचा आमदार तयार होणार कुठं? जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडवण्याची किंमत शहरांपेक्षा या जंगलपट्टीनं जास्त मोजली आहे.

जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला चंद्रपुरातून वेगळा झाला. चाळीस वर्षं उलटली. दारूबंदी 1993 मध्ये बायांच्या आणि कार्यकर्त्यांच्या लढ्यातून आली, आमदारांच्या पुढाकारातून नव्हे. सामूहिक वनहक्क ग्रामसभांच्या रेट्यातून आले. इथली मोठी कामं लोकांनी आधी केली, लोकप्रतिनिधी मागून आले, हा माझा या आढाव्यातला निष्कर्ष आहे आणि तो मी दुःखानं लिहितो, कारण निवडून येण्यासाठी या माणसांनी घेतलेले कष्ट मी कमी लेखत नाही.

रामदास मसराम आता विरोधी बाकावर आहेत. जिल्ह्याचं पालकमंत्रीपद मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवलं आहे. निधीच्या वाटपात विरोधी आमदाराचं ताट लहान असतं, हे उघड आहे. पण प्रश्न विचारायला सत्ता लागत नाही, आणि जनजाती सल्लागार परिषदेचं दार राखीव जागेवरच्या आमदारासाठी पक्ष पाहून उघडलेलं नाही. म्हणून कुरखेडा, कोरची, आरमोरी, वडसा इथल्या वाचकांना एक विनंती. पुढच्या मंडईत किंवा नाटकाच्या मंचावर आमदार भेटले की बोनसचं जरूर विचारा, आणि सोबत एवढं मागा: वर्षभरात सभागृहात विचारलेल्या प्रश्नांची यादी, मिळालेली उत्तरं, आणि ज्या ग्रामसभांचे ठराव त्यांनी पुढे नेले त्यांची नावं, असा दोन पानांचा कागद दर 26 जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक गावात वाचला जावा. त्याला निधी लागत नाही, वनखात्याची परवानगी लागत नाही, आणि मुंबईची मंजुरीही लागत नाही.